लव्हाळीपलीकडून आलेले दोन शब्द

काकाजी, आज मी तुमच्या वाटेने एकटा गेलो. शिंदीच्या दोन झाडांपासून उजवीकडे, हरळी दिसेल तिथेच पाय, लव्हाळे दाट आणि हिरवेगार दिसतील तिथे अजिबात नाही, मग बगळ्यांच्या बेटाला वळसा आणि शेवटी तांड्याचा चढ. तुम्ही लव्हाळ्यांना मारलेल्या गाठी अजून जागच्या जागी आहेत. पाच गाठी मी मोजल्या. सहावी जिथे हवी होती तिथे नव्हती, कारण ती मारायच्या आधीच तुमचे पाय आत गेले होते. त्या जागी आता एक बोडका गोल आहे. तुमचे हात पोचत होते तिथवरचे सगळे लव्हाळे तुम्ही उपटून काढलेत. मी काठी टेकून तिथे जरा वेळ उभा राहिलो, आणि मग तुम्ही शिकवलं होतं तसा लांबून वळसा घालून पलीकडे गेलो.

तुम्हाला जाऊन तेरा दिवस झाले. या तेरा दिवसांत तांड्यावरचं एकही पोर शाळेत आलेलं नाही. तांडा म्हणतो, गाववाल्यांनी थावराला, म्हणजे तुम्हाला, चिखलात मरू दिलं. गाव म्हणतं, आम्हाला कोणी कळवलंच नाही. दोघेही खरं बोलतात आणि दोघांच्या मध्ये मी तोंडाला कुलूप लावून बसलोय. त्या शनिवारी दिवेलागणीला तुमची बायको लव्हाळीच्या, या दलदलीच्या, पलीकडच्या काठावरून मला ओरडून म्हणाली, ‘आयो कोनी’. तुमच्या गोरबोलीत त्याचा अर्थ, आला नाही. मी ऐकलं, आला कोणी. कोणीतरी आलं म्हणजे तुम्हीच आलात, असं धरून मी हात वर केला आणि घरी निघून गेलो.

झालं ते एवढंच. पुढे जे लिहितोय ते यातून सुटायला नाही. सहा महिने रोज तुमच्याशी भांडायची सवय लागली होती, ती एकदम कशी मोडेल?

आपली पहिली भेट आठवते का? मी बाभुळगावकडचा, कोरड्या रानात वाढलेला. नोकरीचं पहिलं गाव म्हणून पुसदच्या खाली या पाणथळ मुलखात येऊन पडलो. हजेरीपटावर तांड्याची अकरा पोरं होती आणि वर्गात एकही नव्हतं. बैलगाडीच्या पांदणीने तांडा तीन कोस पडतो, आणि समोर तर दिसतोय, तिथल्या चुलींचा धूरसुद्धा दिसतोय. मी म्हटलं, सरळ जाऊ. छत्री, धोतर आणि नवे बूट अशा थाटात मी लव्हाळीत उतरलो आणि पन्नास पावलांत गुडघ्यापर्यंत रुतलो. पाय ओढायला लागलो तर मांडीपर्यंत गेलो.

मागून तुमचा आवाज आला. “मास्तर, हालू नका. हाललं का ते गिळते.”

तुम्ही घाई केली नाहीत. लव्हाळे कापले, त्यांच्या पेंढ्या बांधल्या, माझ्यासमोर अंथरल्या आणि मला त्यावर पालथं पडायला लावलं. गावच्या नव्या गुरुजींना असं पोटावर सरपटत बाहेर यावं लागलं. एक बूट आतच राहिला. मी रडवेला होऊन दुसरा बूट हातात धरून उभा होतो, तर तुम्ही म्हणालात, “तो बी देऊन टाका तिले. जोडी तं पुरी होईन.”

मला राग आला होता, काकाजी. मला तेव्हा कशाचाही राग यायचा. छप्पन साली आमच्या घराने दीक्षा घेतली, त्यानंतर पाच वर्षांनी मी मास्तर झालो होतो. गावात माझ्यासाठी पाण्याचा पेला वेगळा होता आणि तो वेगळा आहे हे सगळ्यांना ठाऊक असून कोणी बोलत नव्हतं. तुम्ही तुमचा लोटा पुढे केलात तेव्हा मी मुद्दाम तोऱ्यात सांगितलं, “काकाजी, आधी विचारून घ्या. आमचं घर दीक्षा घेतलेलं आहे.”

तुम्ही क्षणभर माझ्याकडे बघितलंत. “मंग? दीक्षा घेतल्यावर तहान नाही लागत काय?”

त्या पाण्याला लव्हाळीचा वास होता. मी सगळा लोटा संपवला.

दुसऱ्या दिवसापासून तुम्ही अकरा पोरं एका ओळीत घेऊन यायला लागलात. पुढे तुम्ही काठी टेकत, मागे सगळ्यात मोठी म्हणून तुमची नात सोनी. तुमच्या आज्याच्या काळात तुमची माणसं बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलुखभर फिरायची. ही वाट त्या बैलांनी शोधलेली आहे, असं तुम्ही सांगायचात. पुढचा बैल जिथे पाय टाकायला नाही म्हणेल तिथे माणसानेही टाकायचा नाही. बैल गेले, गाड्या आल्या, मग मोटारी आल्या, आणि तुम्ही शेतीला बसलात. पण वाट तुम्ही सोडली नाहीत. दर पावसाळ्यानंतर सगळी चाचपून बघायची, जुन्या गाठी सोडायच्या, नव्या मारायच्या. गाठ नेहमी चालणाऱ्याच्या डाव्या हाताला. ती वाट गावाचीही होती. पाटलांची सून अडली तेव्हा तांड्यावरची सुईण याच वाटेने तुम्ही आणली होतीत, हे मला पाटलांनीच सांगितलं. त्याबद्दल तुम्हाला कोणी काही दिल्याचं मात्र ऐकलं नाही.

पोरं शाळेत बसली की तुम्ही ओसरीवर बसायचात. संध्याकाळी त्यांना परत न्यायचं, तर मधे कायले दोन खेपा करायच्या, असं तुमचं म्हणणं. खरं म्हणजे तुम्हाला शाळा ऐकायची होती. आणि ऐकता ऐकता तुम्ही माझी शाळा घ्यायचात.

मी शुद्धलेखनाचा कडक मास्तर. आमच्याच घरात पाण्याला पानी आणि लोण्याला लोनी म्हणतात, मीही लहानपणी तेच म्हणायचो, आणि ट्रेनिंगला गेल्यावर त्यावरून माझी जी थट्टा झाली ती मी विसरलो नव्हतो. म्हणून माझ्या पोरांची कोणी थट्टा करू नये, असं मी ठरवलं होतं. तुम्ही ओसरीवरून विचारायचात, “मास्तर, हा न आन् तो न, फरक काय दोघांत?”

“काकाजी, एक नळाचा न, एक बाणाचा ण.”

“दोन्ही नच तं हायेत!”

सगळा वर्ग हसायचा. मीही हसायचो, पण ण सोडत नव्हतो. एक दिवस सोनीने पाटीवर स्वतःच्या मनाने एक ओळ लिहिली, ‘आज पानी आयो कोनी’. मी अर्थ विचारला नाही. खडूने पानीचं पाणी केलं, आयोचं आलं केलं, कोनीचं कोणी केलं आणि पाटी परत दिली. तिने ती तुम्हाला दाखवली. तुम्हाला अक्षरं येत नव्हती, तिने वाचून दाखवली, आणि तुम्ही ओसरीवर लोळायचे बाकी राहिलात.

“मास्तर, पोरीनं लिहलं, पानी आलं नाही. तुमी खडू मारून पाऊस पाडला ना जी!”

मग तुम्ही मला समजावून सांगितलंत. तुमच्या बोलीत नकार दोन. वस्तू नसली की छेनी; पाणी छेनी, भाकर छेनी. आणि एखादी गोष्ट घडली नाही की कोनी. आला नाही, गेला नाही, खाल्लं नाही. मी पोरांसमोर फजिती झाल्याने धुमसत होतो. मी म्हणालो, “एका नकारात भागत नाही का तुमचं? आणि शाळेत मराठीच चालेल.” तुम्ही म्हणालात, “चालू द्या. पन कान तं उघडे ठेवा.” छेनी माझ्या लक्षात राहिला. दुसरा मी त्या रागात तिथेच टाकून दिला.

एक भांडण आपलं कधी मिटलं नाही. तुम्ही एकदा चालता चालता म्हणालात, “मास्तर, आमी बैल सोडले, तुमी जुना धरम सोडला. दोघायचं बी ओझं उतरलं. मंग खांदा हलका लागते का खाली खाली लागते?” मी ताडकन म्हणालो की ते ओझं नव्हतं, ते जोखड होतं, आणि जोखड उतरल्यावर कोणी उसासे टाकत नाही. तुम्ही म्हणालात, “तुमचं खरं असन. मी माह्या खांद्याचं इचारून राह्यलो.” मी तुमच्या खांद्याबद्दल काही विचारलं नाही. मला वाद जिंकायचा होता आणि तो मी जिंकलो होतो. आता मला फार वाटतं की तेव्हा विचारायला हवं होतं.

दुसरं भांडण नहरीचं, म्हणजे कालव्याचं.

तलावाची नहर आपल्या गावापर्यंत यावी म्हणून गावाचा अर्ज मीच लिहिला होता. माझं अक्षर चांगलं, म्हणून पाटलांनी मला पहिल्यांदा स्वतःच्या ओसरीवर बसवलं. त्या अर्जाच्या निमित्ताने मला गावात माणूस म्हणून जागा मिळाली होती, हे तुम्हाला कळत होतं आणि म्हणून तुम्ही बराच काळ गप्प राहिलात. नहरवाले साहेब आले, खुंट्या मारल्या, आणि लव्हाळीच्या वरच्या अंगाने पाळ उभी राहायला लागली. तेव्हा मात्र तुम्ही बोललात. “मास्तर, ही पाळ मातीची. पानी यातून झिरपन आन् सारं लव्हाळीत उतरन. मंग वाट कुठं ऱ्हायन?”

मी म्हणालो, “साहेब लोक शिकलेले आहेत. त्यांनी मोजून काढलं आहे.”

“त्यायनं वरचं मोजलं. खालचं कोन मोजलं?”

मी तुम्हाला प्रगतीवर एक भाषण दिलं. ते आठवलं की आता कानशिलं तापतात. काय काय बोललो मी! ओलिताखाली गहू येईल, हरभरा येईल, पोरं नहरीच्या पाळीवरून सुकी चालत शाळेत येतील. तुम्ही शेवटपर्यंत ऐकून घेतलंत आणि म्हणालात, “गहू आला तं मलेबी द्या चार शेर.”

मार्गशीर्षात नहरीला पहिलं पाणी सोडलं. गावाने नारळ फोडले. आठवड्याभरात पाळीच्या पोटातून पाझर सुटले आणि एरवी त्या दिवसांत सुकायला लागणारी लव्हाळी पावसाळ्यासारखी भरली. पांदणीतही पाणी शिरलं. पाळीवर चालावं तर ओली माती ढासळत होती. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत की बघा, मी सांगत होतो. मी रोज वाट बघायचो की आज म्हणतील. म्हणाला असतात तर मला तुमच्यावर चिडता आलं असतं.

मग तो शनिवार. सकाळची शाळा सुटली, तुम्ही पोरं पोचवली आणि दुपारी एकटेच वाट चाचपत माझ्याकडे परत आलात. चिखल कमरेपर्यंत लागलेला. “जुनी वाट गेली, मास्तर. तिथली जमीन खालून पोकळ झाली. आता जाता जाता नवी पाहून गाठी मारतो. सोमवारी पोरं येतीन.”

मला अपराधी वाटत होतं आणि माझ्यात ते नेहमी चिडचिड होऊनच बाहेर येतं. मी म्हणालो, “गेली वाट तर जाऊ द्या ना काकाजी! किती दिवस गवताला गाठी मारत बसणार? पाळ पक्की झाली की पोरं तिकडून येतील. तोवर चार दिवस नाही आली तर आभाळ कोसळत नाही.”

तुम्ही काठी उचललीत. “चार दिवस नाही आली तं पाचव्या दिवशी ढोरं राखाले जातीन. मंग नाही येत.” एवढं बोलून तुम्ही दोन शिंद्यांकडे उतरलात. आपलं शेवटचं बोलणं हे असं झालं.

सूर्य बुडायला आला तेव्हा मला राहवलं नाही. मी नहरीच्या पाळीवर गेलो. तिथे लव्हाळी अरुंद आहे, पलीकडचा माणूस ओळखू येतो. हाक पोचते, शब्द मात्र अर्धेच पोचतात. पाझरांच्या पाण्याचा सारखा आवाज होता. तुम्ही कुठे दिसला नाहीत. पलीकडे याडी उभी होती. तांड्यावर आईला याडी म्हणतात आणि तुमच्या बायकोला सगळा तांडा याडी म्हणतो, म्हणून मीही. मी हातांचा कर्णा करून ओरडलो, “याडी, काकाजी आले का?”

ती ओरडली, “आयो कोनी!”

माझ्यातल्या मास्तराने कोनीचा कोणी केला, काकाजी. सोनीच्या पाटीवर केला होता तसाच. या वेळी हातात खडूसुद्धा नव्हता. ती परत काहीतरी ओरडली, त्यात मला फक्त ‘गाम’ ऐकू आलं, म्हणजे गाव. आता कळतं, ती मला गावातली माणसं आणायला सांगत होती. मी समजलो, ती म्हणते आहे, गावात जा आता, अंधार पडतोय. मी हात वर केला. तिनेही केला. आमच्या दोघांच्या मनात गोष्ट मिटली.

खोटं कशाला बोलू? माझ्या मनात शंका आली होती. कोणीतरी आलं, हे काय उत्तर झालं? आले म्हणाली असती. पण थंडी पडायला लागली होती, भूक लागली होती, आणि पुन्हा ओरडून विचारायचा कंटाळा आला. मला ऐकायचं होतं ते मी ऐकलं.

सकाळी म्हशी राखणाऱ्यांनी तुम्हाला बघितलं. छातीपर्यंत आत आणि मान एका बाजूला कलंडलेली. गावातले चौघे दोर आणि फळ्या घेऊन गेले, मीही गेलो. तुम्हाला बाहेर काढायला अर्धी सकाळ गेली. तुमच्या तोंडात चिखल नव्हता. तुम्ही बुडाला नव्हतात, तुम्हाला थंडीने मारलं होतं. म्हणजे वेळ होता. तो वेळ किती होता याचा हिशोब मी तेरा दिवस करतोय.

पाटलांनी मला विचारलं, “गुरुजी, तुमाले काही सांगतलं का कोनं? तांड्यावाले म्हनतेत, मास्तरले सांगतलं होतं.”

मी म्हणालो, “नीट ऐकू आलं नाही.”

हे खोटं नव्हतं. पण खरंही नव्हतं. पाटलांना तेवढं पुरलं आणि त्यांनी ते चावडीवर सांगून टाकलं. तांड्यावर मात्र त्यावर कोणी विश्वास ठेवला नाही. गुरुजी भला माणूस आहे, त्याने सांगितलंच असणार, गावानेच त्याला दटावून गप्प बसवलं आहे. त्यालाही तर ते वेगळ्या पेल्यात पाणी देतात. असं तांडा बोलतोय, हे मला पुसदच्या रस्त्याने फेऱ्याने येणाऱ्या, तांड्यावरच्या कापसाच्या गाडीवाल्याकडून कळलं. तुम्ही रोज ओसरीवर बसून माझं जे चांगलं नाव केलंत त्याच्या आड मी लपलो. भ्यायलो होतो मी. गावात नुकती मिळालेली जागा जाईल, तांडाही तोंड फिरवेल, बदली होईल, माझ्या बापाला तिकडे कळेल. आणि तुमची पोरं ढोरांमागे जायला लागली होती. चार दिवस केव्हाच उलटून गेले होते.

म्हणून आज गेलो.

याडी झोपडीसमोर उन्हात बसली होती. सोनी शेजारी शेंगा फोडत होती. मला बघून याडी उठली, तिने खाट पुढे ओढली. मी खाटेवर बसलो नाही. याडीला मराठी थोडंच येतं, आणि मला हे अर्धंमुर्धं कळलेलं चालणार नव्हतं, म्हणून मी सोनीला म्हणालो की मी बोलतो ते आजीला जसंच्या तसं सांग. दहा वर्षांच्या पोरीवर मी ते ओझं टाकलं. मी सगळं सांगितलं. पाळीवर काय ऐकलं, काय समजलो, पाटलांना काय म्हणालो.

माझं बोलणं कुठे जाऊन थांबणार ते सोनीला आधीच कळलं होतं. तिचे हात थांबले. मग ती आजीकडे वळली आणि दोनच वाक्यं बोलली. याडीने मान हलवली, माझ्या हातावर हात ठेवला आणि पाण्याचा लोटा आणायला उठू लागली.

तेरा दिवसांत मी एक काम केलं आहे, काकाजी. कापसाच्या गाडीवाल्याला बसवून तुमची बोली शिकलो, जमेल तेवढी. सोनीच्या दोन वाक्यांत माझी चूक कुठेच नव्हती. तिने सांगितलं होतं की गुरुजींना आज्याचं फार वाईट वाटतंय. ती मला वाचवत होती. मी तिच्याकडे बघितलं तर तिने खाली मान घातली.

मग मी स्वतःच म्हणालो, “याडी, म समजो कोनी.” मी समजलो नाही. आणि बोट स्वतःच्या छातीकडे नेऊन परत म्हणालो. गावात मी गेलोच नाही, कोणाला सांगितलंच नाही, हेही मोडक्यातोडक्या गोरबोलीत सांगितलं.

याडी अर्धी उठलेली होती, ती तशीच खाली बसली.  मी शिव्यांची वाट बघत होतो. शिव्या आल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिने मराठीतच विचारलं, “मंग गाववाले आले असते?”

“आले असते, याडी. दोर घेऊन आले असते.”

तेव्हा ती रडली. तेरा दिवसांत ती रडली नव्हती असं सोनी नंतर म्हणाली. गावाचा राग धरून ती ताठ बसली होती. आता तो राग मी काढून घेतला होता आणि त्या जागी ठेवायला माझ्याजवळ फक्त मी होतो.

डोळे पुसून ती म्हणाली, “हे नाईकाले सांग. गावात बी सांग. माह्या मानसाले कोनी टाकून देलं नव्हतं, हे साऱ्यायले समजू दे.” मी म्हणालो, सांगतो. तांड्याच्या नाईकांना तिथूनच सांगून आलो. त्यांनी तोंड फिरवून घेतलं. उद्या सकाळी चावडीवर सांगणार आहे. पोरं येतील की नाही ते मला माहीत नाही. मास्तर दुसरा आला तर कदाचित येतील.

निघताना याडी सोबत काठापर्यंत आली. सोनीला तिने मागेच ठेवलं. आणि तिथे, लव्हाळीकडे बघत, थोडं मराठीत, थोडं गोरबोलीत, तिने मला ते सांगितलं जे तिने तांड्यावरही कोणाला सांगितलं नव्हतं. अंधार पडल्यावर तुमचा आवाज आला होता. पुरुषमाणसं सगळी कापूस घेऊन पुसदला गेलेली, काठावर बाया उभ्या, आणि तुम्ही आतून ओरडून सांगत होतात की कोणी आत पाय टाकू नका. तुमचा आवाज चांगला मोठा होता. बाया म्हणत होत्या, असाच ओरडत राहिला तर गावापर्यंत जाईल.

“मंग त्यानं मले इचारलं,” याडी म्हणाली, “मास्तरले सांगतलं का? मी म्हनलं, सांगतलं, त्यानं हात वर केला. तो म्हने, मंग झालं. मास्तर गावात गेला म्हनजे मानसं येतीनच. आता मी हालत नाही, वरडत बी नाही, दम राखून ठेवतो.”

“आन् मंग त्यानं हाका मारनं बंद केलं.”

काकाजी, तुम्ही हाका मारायचं थांबलात तेव्हा मी घरी जेवत होतो. वांग्याची भाजी केली होती. चांगली झाली होती, म्हणून दोनदा वाढून घेतली.